सासर ‘तीनशे वर्षांचं जमीनदार घराणं’ आहे म्हणतात. हे कसं तपासायचं?

आधी तुमचा प्रश्न इतरांसाठी थोडक्यात मांडते. सासर बंगाली, मूळ गाव बाकरगंज जिल्ह्यातलं, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या बरिशालकडचं. आडनाव चौधुरी. घरातले सगळे सांगतात, ‘आम्ही तीनशे वर्षांचे जमीनदार.’ तुम्ही मात्र शाळेत शिकलात की जमीनदार १७९३ साली कॉर्नवॉलिसनं तयार केले. मग तीनशे वर्षं आली कुठून? आणि हे लोक आपल्याकडच्या देशमुख-इनामदारांसारखेच होते का? लेकीसाठी घराण्याचा इतिहास लिहून ठेवायचाय आणि त्यात थापा नकोत, असं तुम्ही लिहिलंय.

माझं माहेर साताऱ्याचं. गेली चोवीस वर्षं कोलकात्यात वकिली करते, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त काम जमिनीच्या जुन्या हक्कांचा माग काढायचं. त्यामुळे सातबारा आणि खतियान (म्हणजे बंगालातला जमिनीच्या हक्कांचा उतारा) दोन्ही हाताखालून गेलेत. तुमच्या घरचा एकही कागद मी पाहिलेला नाही, म्हणून ‘खरं’ की ‘खोटं’ असा निकाल देता येणार नाही. जिल्हा कोणता, हक्क कुठल्या पातळीवरचा, मधे लिलाव झाला का, यावर सगळं अवलंबून आहे. पण असे दावे मी कसे तपासते, ते सांगू शकते.

‘कधीपासून जमीनदार’ असं विचारलं की घरात हमखास भांडण लागतं आणि हाती काही येत नाही. मी पक्षकाराला वेगळं विचारते: तुमच्याकडे नेमका कोणता हक्क होता, तो कोणाकडून आला, आणि त्यासाठी तुम्ही वर कोणाला पैसे भरत होतात? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की बाकीचं आपोआप उलगडतं.

जमीनदार हा फारसी शब्द. मोगलाईत त्याचा अर्थ जमिनीचा मालक असा नव्हता. परगण्याचा सारा गोळा करून सरकारात भरायचा, गावात बंदोबस्त ठेवायचा, बदल्यात वसुलीचा काही हिस्सा आणि थोडी बिनसाऱ्याची ‘नानकार’ जमीन घ्यायची, असा तो वंशपरंपरागत हक्क. कसणारी रयत तिच्या जागी, बादशहा त्याच्या जागी, मधे हा. इथवर तुमची देशमुखांशी तुलना बरीचशी बसते. आपल्याकडचं वतनही असंच पिढीजात, विकता येणारं, आणि जमिनीपेक्षा जमिनीवरच्या वसुलीशी बांधलेलं. तोडरमलाच्या नावाची १५८२ ची बंगालची जमाबंदी आहे, तिच्यात १९ सरकारं (म्हणजे तेव्हाचे जिल्हे) आणि ६८२ महाल (वसुलीचे विभाग) आहेत. म्हणजे १७९३ च्या दोनशे वर्षं आधीही वसूल करणारी घराणी होतीच. शाळेतलं वाक्य तेवढ्यापुरतं अर्धवट आहे.

पण ती घराणी तीच राहिली असं समजू नका. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मुर्शिदकुली खान बंगालचा दिवाण म्हणून आला, १७१७ मध्ये नाझिम, म्हणजे सुभेदार झाला, १७२७ मध्ये वारला. या माणसानं थकबाकीदार जमीनदारांना सरळ कैदेत टाकलं आणि त्यांचे परगणे जो वेळेवर भरेल त्याला दिले. नाटोरचं घराणं त्यातून वर आलं. रघुनंदन हा मुर्शिदकुलीच्या दरबारातला वजनदार माणूस. त्याचा भाऊ रामजीवन याच्या नावावर एकामागून एक जमीनदाऱ्या चढत गेल्या. पुढे राणी भवानीनं १७४८ पासून, नवरा गेल्यावर, हा सगळा पसारा सांभाळला आणि तिचं नाव आजही उत्तर बंगालात आदरानं घेतात. तरी हिशेब करा: १७९३ मध्ये नाटोरच्या एवढ्या दबदब्याच्या राजघराण्याला शंभर वर्षंही झाली नव्हती.

बर्दवानचं घराणं सगळ्यांत सलग टिकलं म्हणून त्याचं उदाहरण मी नेहमी देते. मूळ पुरुष संगम राय, लाहोरकडच्या कोटलीचा कपूर खत्री, व्यापारी. त्याच्या वंशातला अबू राय १६५७ मध्ये बर्दवानच्या एका पेठेचा चौधरी आणि कोतवाल झाला. कृष्णराम रायला १६८९ मध्ये औरंगजेबाचं फर्मान मिळालं. १६९६ मध्ये शोभासिंगाच्या बंडात तो मारला गेला. ‘राजा’ ही पदवी चित्रसेनाला मिळाली ती १७४० च्या सुमारास, दिल्लीच्या मुहम्मदशहाकडून. म्हणजे पंजाबी व्यापारी, मग पेठेचा चौधरी, मग जमीनदार, मग राजा, असा हा चढ. आता बेरीज करा: १६५७ पासून १९५५ पर्यंत, म्हणजे पश्चिम बंगालातली जमीनदारी कायद्यानं संपेपर्यंत, २९८ वर्षं. बर्दवानसारखं बर्दवान, तेही पेठेच्या चौधरीपणापासून मोजून, तीनशेला दोन कमी पडतंय! त्यामुळे कोणी ‘तीनशे वर्षं’ म्हटलं की मी मनात आधी बर्दवान शेजारी ठेवून बघते. (अपवाद असतात. विष्णुपूरचे मल्ल राजे आपला शक इसवी सन ६९४ पासून मोजतात. पण त्यांची जमीनदारी १८०६ मध्ये थकबाकीपायी विकली गेली आणि घेतली कोणी, तर बर्दवाननं.)

आपला इथला संबंधही सांगून टाकते, कारण सासरी कोणीतरी तुम्हाला हमखास चिडवलं असेल. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे भास्करपंत बर्दवानवर चालून आले आणि काटव्याला तळ देऊन बसले. दहा वर्षं स्वाऱ्या चालल्या, १७५१ मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दी खानानं बारा लाखांची चौथाई कबूल केली तेव्हा थांबल्या. ‘बर्गी’ हा शब्द आपल्या ‘बारगीर’वरून आला. बंगालात मुलाला झोपवताना आजही त्यांचं नाव घेतात, आणि त्याच अंगाईत पुढे बाई म्हणते की बुलबुलांनी धान खाल्लं, आता सारा कशातून भरू. लुटारूची भीती आणि साऱ्याची भीती एकाच दमात! बंगालच्या जमीनदारीबद्दल मला कोणी एक वाक्य विचारलं तर मी हे सांगते.

आता १७९३. कंपनीकडे दिवाणी आली १७६५ मध्ये. १७७० चा भीषण दुष्काळ झाला. १७७२ मध्ये गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्जनं पाच वर्षांच्या बोलीनं सारा मक्त्यानं दिला; वाटेल त्यानं वाटेल तेवढी बोली लावली आणि वसुली काही झाली नाही. दर वर्षी किती पैसे येणार हेच कंपनीला कळेना. १७८९-९० मध्ये जमीनदारांशी दहा वर्षांचा करार झाला. तो कायम करण्याची घाई नको, आधी माहिती गोळा करू, असं कंपनीचा अधिकारी जॉन शोअर याचं म्हणणं होतं. कॉर्नवॉलिसनं ऐकलं नाही आणि २२ मार्च १७९३ रोजी तो कायमचा केला. साऱ्याचा आकडा कायमचा गोठला. वसुलीच्या अकरा भागांतले दहा सरकारचे, एक जमीनदाराचा, असा तेव्हाचा ढोबळ हिशेब. आणि जमीनदाराला पहिल्यांदाच कागदावर ‘मालक’ म्हटलं गेलं. देशमुखांशी तुलना इथे तुटते. आपल्याकडे १८३६ च्या इंदापूर पाहणीपासून सरकारनं शेतकऱ्याशी थेट खातं उघडलं आणि देशमुखाचं काम संपवलं. बंगालात मधल्या माणसालाच मालक केलं. महाराष्ट्रात याच्या जवळचं काही शोधायचं असेल तर कोकणातला खोत बघा, देशावरचा देशमुख नको.

मालकी दिली, पण तिला एक वेळ बांधून दिली. ठरलेल्या तारखेला सूर्य मावळायच्या आत सारा कलेक्टरच्या खजिन्यात भरला नाही तर इस्टेट लिलावात. याला इथे अजून ‘सूर्यास्त कायदा’च म्हणतात. पूर येवो, दुष्काळ येवो, सबब नाही. परिणाम असा झाला की १७९४ ते १८०७ या काळात बंगाल-बिहारच्या एकूण साऱ्यापैकी सुमारे ४१ टक्के सारा ज्या जमिनींवर होता, त्या लिलावात निघाल्या. लिलावातल्या गटाला इंग्रजीतला ‘लॉट’, त्याचं बंगालीत झालं ‘लाट’. दुकान बुडालं की बंगाली माणूस आजही ‘लाटे उठेछे’ म्हणतो. बोलणाऱ्याला त्यामागचा कलेक्टर कचेरीतला हातोडा ऐकू येत नाही, एवढंच.

अर्थात जमीनदारही कच्चे नव्हते. १७९७ मध्ये बर्दवानच्या इस्टेटीचे बरेच गट लिलावात निघाले. बोली लावणारे कोण? राजाचेच नोकर आणि हस्तक. ते चढी बोली लावायचे, पैसे भरायचे नाहीत, पुन्हा लिलाव. असं दोन-तीनदा झालं की सरकार कंटाळून कमी किमतीला देणार, आणि जमीन फिरून राजाकडेच. म्हणून जुन्या विक्रीच्या यादीत एखाद्याचं नाव खरेदीदार म्हणून दिसलं तरी मी लगेच विश्वास ठेवत नाही. बेनामी हा बंगालच्या जमीन व्यवहारातला जुना आजार आहे. आधी मी बघते की पुढच्या वर्षीचा सारा कोणी भरलाय.

बर्दवानच्या राजा तेजचंदानं याहून पक्का तोडगा काढला. त्यानं इस्टेटीचे तुकडे करून ‘पत्तनी’नं दिले: कायमचा ठरलेला खंड, पत्तनीदाराला वारसा चालवायची आणि विकायची मुभा, पण थकला की त्याचाही लिलाव. सरकारनं जी तलवार जमीनदाराच्या डोक्यावर टांगली, तीच त्यानं खालच्याच्या डोक्यावर टांगली. १८१९ च्या आठव्या रेग्युलेशननं याला कायदेशीर केलं. पत्तनीदारानं खाली दरपत्तनी दिली, त्यानं सेपत्तनी. प्रत्येक जण घरी स्वतःला जमीनदारच म्हणवायचा.

याचा एक अनुभव सांगते. हुगळीकडच्या एका कुटुंबात बैठकीच्या भिंतीवर चौकटीत एक फारसी-बंगाली कागद लावलेला होता. ‘बादशाही सनद’ म्हणून तीन पिढ्या त्याला चंदनाचं गंध लावत होत्या. कागद खाली उतरवून, काच काढून वाचला तर ती बर्दवान इस्टेटीला लिहून दिलेली पत्तनीची कबुलायत निघाली. म्हणजे राजानं यांना दिलेला मान नव्हता. यांनी राजाला ‘एवढा खंड वेळेवर भरू’ म्हणून लिहून दिलेलं होतं, त्याचीच घरी ठेवलेली प्रत. आजोबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. खरं तर तो कागद सनदेपेक्षा कामाचा होता: त्यावर गावांची नावं होती, रक्कम होती, बंगाली साल होतं.  (बंगाली सालात ५९३ मिळवले की इसवी सन येतो, पौषाच्या मध्यापासून चैत्रअखेरपर्यंत ५९४.)

लिलावात नवे कोण आले, हे थोडक्यात. जुन्या जमीनदारांचे कारभारी, कंपनीच्या साहेबांचे बनिये (म्हणजे देशी दलाल), कलकत्त्याचे व्यापारी. कासीमबाजारचं घराणं उभं केलं ते हेस्टिंग्जच्या बनियानं, कांतबाबूंनी. नडाइलचं घराणं नाटोरच्या एका नोकराचं. ठाकुरांच्या (टागोरांच्या) घरातल्या शिलाईदह, शाहजादपूर, पतिसर या जमीनदाऱ्या द्वारकानाथांच्या काळातल्या. रवींद्रनाथ १८९० नंतर तिथे कारभार बघायला गेले तेव्हा घराणं ‘वंशपरंपरागत जमीनदार’ होऊन फार दिवस झाले नव्हते. यात कमीपणा काही नाही. फक्त इतिहास लिहिताना हे ध्यानात ठेवा की १७९३ च्या आधीचं घराणं आणि १८०० नंतरचं घराणं, दोघंही १९०० मध्ये तोच पुण्याह (वर्षाच्या पहिल्या वसुलीचा समारंभ) करत होते, तोच नायब (कारभारी) ठेवत होते आणि तीच दुर्गापूजा करत होते. पोशाखावरून वय ओळखता येत नाही.

आणि राजवाड्याचं चित्र डोळ्यांसमोरून काढा. १८७२-७३ च्या सरकारी अहवालात बंगाल-बिहारच्या १,५४,२०० इस्टेटींची मोजणी आहे. त्यातल्या वीस हजार एकर आणि वरच्या फक्त ५३३. पाचशे एकरांहून लहान, १,३७,९२०. दहांतले नऊ जमीनदार असे होते, आणि ही मोजणी फक्त सरकारला थेट सारा भरणाऱ्यांची. पत्तनीदार वगैरे यात नाहीतच.

आता तुमचा बाकरगंज. तिथली गोष्ट बर्दवानहून वेगळी, आणि माझ्या मते जास्त मनोरंजक. नद्यांच्या मुखाशी गाळाची जमीन, दक्षिणेला सुंदरबनाचं जंगल. जंगल तोडायचं, खाऱ्या पाण्याला बांध घालायचे, बाहेरून माणसं आणून वसवायची, आणि पहिलं पीक येईपर्यंत खायला घालायचं. एकट्याच्या खिशाला हे झेपत नाही. म्हणून जमीनदारानं तुकडा तालुकदाराला दिला, त्यानं ओसत तालुकदाराला, त्यानं हावलादाराला, मग ओसत हावलादार, निम हावलादार… प्रत्येक पायरीवरचा माणूस थोडं भांडवल घालायचा आणि थोडा खंड कापून घ्यायचा. (हा ‘तालुक’ म्हणजे आपला तालुका नव्हे, एक प्रकारचा धारणाहक्क.) सायमन कमिशनच्या अहवालात काही ठिकाणी जमीनदार आणि कसणारा यांच्यामध्ये पन्नास किंवा जास्त पायऱ्या असल्याची नोंद आहे, बाकरगंजचे कागद वाचल्यावर ती अतिशयोक्ती वाटत नाही. तिथली जुनी, खरोखर मोगलपूर्व म्हणता येईल अशी जमीनदारी चंद्रद्वीपच्या राजांची, माधवपाशाला ज्यांचा दुर्गासागर तलाव आहे त्यांची. ती १७९३ नंतर थोड्याच वर्षांत थकबाकीत विकली गेली.

माझा अंदाज, आणि हा निव्वळ अंदाज आहे: तुमच्या सासरचे तालुकदार किंवा हावलादार असावेत. बरिशालकडची माझ्याकडे आलेली बहुतेक ‘जमीनदार’ घराणी तशीच निघाली. तीनशे वर्षं त्या भागात राहिले असतीलही. राहणं आणि जमीनदार असणं या दोन गोष्टी तीन पिढ्यांत एक होऊन जातात. आडनावावर जाऊ नका. चौधुरी, मजुमदार, सरकार, शिकदार, तालुकदार ही सगळी कधीतरी महसुली कामावरून पडलेली नावं. ती पुढे सगळीकडे पसरली. पाटील आडनावाचा प्रत्येक जण गावचा पाटील असतो का?

‘वंशपरंपरागत’ या शब्दाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण वंशावळ लिहिताना तुम्ही इथेच अडकाल. हिंदू वारसाहक्काच्या दोन पद्धती. आपल्याकडे मिताक्षरा, मुलाला जन्मतःच वाटा. बंगालात दायभाग: बाप जिवंत असेपर्यंत मालक तोच, मुलांचा हक्क तो गेल्यावर. मुलगा नसेल तर विधवेला तिच्या हयातीपुरता सगळा वाटा. म्हणून बंगालात एवढ्या ‘राणी’ दिसतात. काही मोठ्या घराण्यांत थोरल्याकडे अख्खी गादी जायची रीत होती. १७९३ च्या अकराव्या रेग्युलेशननं ती मोडून शास्त्राप्रमाणे वाटणी लागू केली. आणि ‘रक्ताची परंपरा’ म्हणाल, तर परत बर्दवान बघा: तेजचंदाचा मुलगा प्रतापचंद नाहीसा झाला, म्हणून महताबचंद दत्तक, त्याला मूल नाही, म्हणून आफताबचंद दत्तक, तो तरुणपणीच गेला, त्याच्या विधवेनं विजयचंदला दत्तक घेतलं. सलग तीन वारस दत्तक, आणि घराणं मात्र तेच! (प्रतापचंद मीच, असं म्हणत पुढे एक संन्यासी परत आला आणि हुगळीच्या कोर्टात मोठा खटला गाजला. कोर्टानं त्याला तोतया ठरवलं. आपल्याला सदाशिवरावभाऊंचा तोतया माहीत आहे, तेच बंगालात.)

दायभागातली वाटणी आण्यांत होते. अख्खी इस्टेट म्हणजे सोळा आणे. वीस गंड्यांचा आणा, चार कड्यांचा गंडा, तीन क्रांतींचा कडा. दोन भाऊ, आठ-आठ आणे. त्यातल्या एकाला तीन मुलगे: प्रत्येकाचा वाटा २ आणे १३ गंडे १ कडा १ क्रांती. हा बरोबर एकषष्ठांश आहे, करून बघा. पुढच्या पिढीत क्रांतीच्याही खाली जावं लागतं. घराण्याच्या शाखांची ओळखही त्यावरूनच पडते, ‘नऊ आनी’, ‘सात आनी’, ‘छय आनी’ अशी. पुठियाला पाच आनी आणि चार आनी असे वेगवेगळे वाडे आहेत.

सुरुवातीच्या दिवसांत मी एका वाटणीपत्रातले सगळे वाटे मांडले आणि बेरीज आली सव्वीस आणे. रात्रभर चूक शोधली. सकाळी सीनियरच्या कचेरीतले म्हातारे मुहुरीबाबू (कारकून) आले, कागदाकडे एकदा बघितलं, म्हणाले, ‘दीदी, या शाखेचे सोळा आणे म्हणजे इस्टेटीतले सहाच आणे.’ शाखेनं आपल्या सहा आण्यांनाच पूर्ण सोळा धरून आत वाटणी केली होती. तेव्हापासून प्रत्येक कागदावर मी पहिल्यांदा विचारते: हे सोळा आणे कशाचे? तुम्हीही विचारा. ‘आमचा चार आण्यांचा वाटा’ हे ऐकायला भारदस्त वाटतं. पण तो एका हावल्याच्या चार आण्यांचा असू शकतो, म्हणजे कदाचित दहा बिघे. आणि बंगालचा बिघा साधारण एकरचा तिसरा हिस्सा, आपल्या बिघ्याहून लहान.

लेकीसाठी लिहिताय म्हणून एक गोष्ट, जी घरातले सांगणार नाहीत. ही सगळी पायरी ज्याच्या खांद्यावर उभी होती त्या कुळाला बंगालात ‘प्रजा’ म्हणत. १७९९ च्या सातव्या आणि १८१२ च्या पाचव्या रेग्युलेशननं खंड थकल्यास त्याचा माल जप्त करायची मोकळीक जमीनदाराला दिली; खेड्यांत ‘हप्तम-पंचम’ हे शब्द शिव्यांसारखे झाले. खंडावर आणखी ‘आबवाब’: मुलीचं लग्न, मुंज, नवा हत्ती, साहेबाची भेट, काहीही निमित्त. १८३१ च्या तितुमीरच्या बंडाची एक ठिणगी म्हणजे जमीनदारानं मुसलमान रयतेच्या दाढीवर बसवलेला अडीच रुपयांचा कर. १८७३ मध्ये पाबन्याच्या रयतेनं संघ काढून वाढीव खंड नाकारला, त्यानंतर १८८५ चा कुळकायदा आला. आता, तुमच्या सासरच्या माणसांनी यातलं काय केलं आणि काय नाही, मला ठाऊक नाही. पण जुन्या दाखल्यांवर, म्हणजे खंडाच्या पावत्यांवर, मूळ रकमेखाली आणखी रकमा दिसल्या तर त्या कसल्या, हे वाचायला शिका.

आता प्रत्यक्ष तपासणी. माझा क्रम असा: घरातली गोष्ट सगळ्यात शेवटी, वंशावळ तिच्या आधी, आणि सगळ्यात आधी गावाचा खतियान. बाकरगंजची पहिली सविस्तर मोजणी १९०० ते १९०८ मध्ये झाली. त्या वेळच्या खतियानात (लोक त्याला ‘सी. एस. पर्चा’ म्हणतात) कसणाऱ्याच्या नावाबरोबर त्याच्या वरच्या हक्कदाराचं नाव आणि तौजी नंबर असतो. तौजी म्हणजे कलेक्टरच्या वहीतला इस्टेटीचा क्रमांक. त्यावरून वर-वर चढत गेलं की कळतं तुमचं कुटुंब कितव्या पायरीवर होतं. कुटुंबाचं नाव थेट तौजीसमोर आलं, तर ते सरकारला सारा भरणारे, कायद्यानं जमीनदार. मधे कुठे आलं, तर मध्यस्वत्वाचे, म्हणजे मधल्या हक्काचे मालक. नक्कल बरिशालच्या जिल्हा कचेरीच्या अभिलेख कक्षातून मिळते. तिथलं कोणी ओळखीचं असलं तर काम सोपं. अर्जात ठाणं, मौजा (महसुली गाव) आणि मौजाचा जे. एल. नंबर, म्हणजे ठाण्याच्या यादीतला त्याचा क्रमांक, लागतो. नुसतं ‘चौधुरी बाडी’ लिहून काही मिळत नाही.

वर गेलात तरी १७९३ च्या पलीकडे कागद क्वचितच जातो. तिथे देवळावरचा शिलालेख, तळ्याचं नाव, एखादा देवोत्तर दस्त असं काही हाती लागलं तर नशीब. बऱ्याच घरांनी इस्टेटीचा भाग कुलदेवतेच्या नावे केलेला असतो, आणि देवाच्या कागदांची लोकांनी स्वतःच्या कागदांपेक्षा जास्त काळजी घेतलेली असते. फाळणीत घर सोडताना ट्रंकेत काय आलं ते विचारा. दागिने आणि देव सगळेच आणतात, पण पूजेच्या पोथीत दुमडलेला एखादा दाखला मला दोनदा सापडलाय.

शेवटाची तारीख मात्र पक्की सांगता येते. बंगालच्या जमीन महसुलाची चौकशी करणाऱ्या फ्लाउड कमिशननं १९४० मध्येच जमीनदारी काढून टाका असं सांगितलं होतं. पूर्व बंगालात ती १९५० च्या कायद्यानं गेली. पश्चिम बंगालात १९५३ चा कायदा, आणि मध्यस्थांचे हक्क सरकारकडे आले ते १५ एप्रिल १९५५ रोजी, बंगाली १३६२ च्या पहिल्या वैशाखाला. नव्या वर्षाच्या दिवशी, ज्या सुमारास कचेरीत पुण्याह व्हायचा, प्रजा नवे कपडे घालून पहिला खंड घेऊन यायची. भरपाई मिळाली, पण उत्पन्न जितकं मोठं तितकी पट कमी. सासूबाईंच्या पिढीनं लहानपणी हे सगळं मोठ्यांच्या तोंडून ऐकलेलं असेल.

म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच करा. ‘आपण जमीनदार होतो का’ असं विचारू नका. उत्तर ‘हो’च येणार. ‘आपली शाखा किती आण्यांची?’ आणि ‘आपण खंड कुठे भरायचो?’ एवढंच विचारा. पहिल्याचं उत्तर बहुधा लगेच मिळेल. दुसऱ्याला त्या थोडा वेळ गप्प बसल्या, तर वही जवळ ठेवा. गावाचं आणि ठाण्याचं नाव मिळालं की इथे लिहा, जे. एल. नंबर शोधायला मी मदत करते.